एका दिवसाचा किनारा

आमच्या परिचयाच्या घरांपैकीं असें घर आतां विरळाच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, सून, लेक किंवा जांवई समुद्रापलीकडे नाहीं. पूर्वीं मुलगा मिळवता झाला म्हणजे आईबाप काशीयात्रेची भाषा करीत. हल्लीं मुलाकडे जाऊन दोन-तीन महिने राहून येणें हीच एक यात्रा होऊन बसली आहे. या यात्रेंतील पहिले पंधरा दिवस नातवंडांच्या कौतुकांत जातात. पुढचे पंधरा दिवस तेथील यंत्रें व कुलुपें समजून घेण्यांत जातात. आणि मग एके दिवशीं जेवतांना मुलगा सांगतो, "आई, बाबा, येत्या गुरुवारी तुमच्यासाठी एका सहलीची तिकिटं काढली आहेत. सकाळी गाडी नेईल, रात्री आणून सोडील. आम्हांला मात्र रजा नाही."

हें वाक्य ऐकून बहुतेक घरांत काय होतें, तें आम्हांस ठाऊक आहे. कारण गेल्या जानेवारींत मेलबर्न शहरीं तें आमच्या घरांतही झालें. सौ. त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं दिवा मालविल्यावर एवढेंच म्हणाल्या, "पार्सल करून पाठवतोय हो आपल्याला." आम्हीं समजूत घालण्याचा यत्न केला; परंतु खरें सांगावयाचें तर आमच्याही मनांत तेंच होतें. चाळीस अनोळखी माणसांबरोबर एका गाडींत बसावयाचें, कोणी सांगेल तेथें उतरावयाचें, कोणी सांगेल तेव्हां चढावयाचें, आणि त्याला समुद्रकिनारा पाहिला असें म्हणावयाचें, हें प्रवासाचें विडंबन आहे असेंच आमचें मत होतें. त्या मताचें पुढें काय झालें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

मेलबर्न हें ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांतील व्हिक्टोरिया राज्याचें मुख्य शहर. त्याच्या नैर्ऋत्येस टॉर्की नांवाचें गांव आहे. तेथून अ‍ॅलन्सफर्ड या गांवापर्यंत समुद्राच्या कडेकडेनें २४३ किलोमीटर लांबीचा रस्ता गेला आहे; त्याला 'ग्रेट ओशन रोड' असें म्हणतात. एका दिवसाच्या सहलीची गाडी या रस्त्यानें पश्चिमेकडे जाते, लॉर्न व अपोलो बे हीं गांवें आणि ऑटवेचें अरण्य ओलांडून पोर्ट कॅम्बेलजवळच्या सुळक्यांपर्यंत पोंचते, आणि परततांना समुद्र सोडून कोलॅकवरून आंतल्या सरळ रस्त्यानें रात्रीं शहरांत येते. सारा हिशेब सुमारें ५०० किलोमीटरांचा आणि तेरा तासांचा होतो. मुंबईहून निघून एका दिवसांत जवळजवळ सावंतवाडी गांठण्याइतकी ही दौड आहे. हें लक्षांत घेतलें म्हणजे साठी उलटलेल्या माणसानें अशा सहलीस होकार देण्यापूर्वीं आपल्या कंबरेचा व गुडघ्यांचा सल्ला कां घ्यावा, तें सहज कळेल.

गुरुवारीं सकाळीं मुलानें आम्हांस गाडीपाशीं आणून सोडलें. "जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणून डावीकडच्या खिडकीशी बसा," एवढें सांगून तो कामावर गेला. गाडींत आम्ही धरून एकेचाळीस उतारू होते. एक चिनी नवविवाहित जोडपें, एकटीच निघालेली एक आयरिश वृद्धा, दोन-तीन जर्मन विद्यार्थी, आणि अगदीं मागच्या बांकावर कानांत यंत्र घालून बसलेला आपल्याकडचाच एक विशीचा तरुण, अशी ती मंडळी. गाडीचा सारथी हाच आमचा वाटाड्या. सारथ्याचें आणि संजयाचें, अशीं दोन्ही कामें एकाच माणसानें करावीं ही योजना आम्हांस प्रथम धोक्याची वाटली. परंतु वळणें आलीं कीं तो गप्प होई आणि सरळ रस्ता लागला कीं बोलूं लागे, हें ध्यानांत आल्यावर आमचा जीव भांड्यांत पडला.

आरंभीं त्यानें, ज्यांच्या भूमीवरून आपण जाणार त्या मूळच्या लोकांचीं नांवें घेतलीं: टॉर्कीच्या बाजूचे वाडावुरुंग आणि ऑटवेच्या डोंगरांतील गादुबानुड. आपल्याकडे वेशीबाहेर पडतांना ग्रामदेवतेस हात जोडतात, त्याची आम्हांस आठवण झाली. मग त्यानें नियम सांगितले. प्रत्येक ठिकाणीं उतरतांना मी वेळ सांगेन. त्या वेळीं तुम्हीं आपल्या जागेवर बसलेलें असलें पाहिजे. एक माणूस दहा मिनिटें उशीरा आला तर चाळीस माणसांचीं दहा मिनिटें जातात, आणि तीं पुढच्या मुक्कामांतून कापलीं जातात. हा हिशेब ऐकून सौ. आमच्याकडे पाहून हंसल्या. घरीं पानें मांडल्यावर स्नानाला जाणारें माणूस कोण, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

पहिला महत्त्वाचा मुक्काम ईस्टर्न व्ह्यू येथील कमानीपाशीं झाला. लांकडाची साधी कमान रस्त्यावर उभी आहे. तिच्याखालून मोटारी जातात आणि उतारू तिच्यापुढें उभे राहून छायाचित्रें काढतात. आम्हींही काढलें. परंतु ही कमान कशाची, हें सारथ्यानें सांगितलें तेव्हां 'सहल' हा शब्द आम्हांस एकदम हलका वाटूं लागला. पहिलें महायुद्ध संपल्यावर घरीं परतलेल्या सैनिकांना काम हवें होतें, आणि जे परतले नाहींत त्यांचें स्मारक व्हावयास हवें होतें. या दोन गरजांतून हा रस्ता निघाला. १९१९ सालीं काम सुरू झालें आणि १९३२ च्या नोव्हेंबरांत तो वाहतुकीस खुला झाला. सुमारें ३,००० परतलेल्या सैनिकांनीं कुदळी, फावडीं, हातगाड्या आणि सुरुंग यांच्या बळावर कडे फोडून तो केला. तंबूंत राहावयाचें, आठ तास राबावयाचें आणि दिवसाचे साडेदहा शिलिंग घ्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता. १९२४ सालीं 'कसीनो' नांवाची आगबोट किनाऱ्याजवळ अडकली, ओझें कमी करण्यासाठीं तिनें बिअरचीं ५०० पिंपें समुद्रांत टाकलीं, तीं किनाऱ्यास लागलीं, आणि पुढचे दोन आठवडे रस्त्याचें काम बंद राहिलें, ही कथा सारथ्यानें मोठ्या चवीनें सांगितली. लढाई पाहून आलेल्या माणसांच्या त्या दोन आठवड्यांबद्दल त्यांना दोष देण्याचें धैर्य आम्हांस तरी झालें नाहीं.

जिलाँग शहराचे नगराध्यक्ष राहिलेले हॉवर्ड हिचकॉक यांनीं या कामासाठीं निधि जमविला व पदरचे पैसेही घातले. रस्ता पुरा होण्यास तीन महिने उरले असतां, १९३२ च्या ऑगस्टांत, ते वारले. उद्घाटनाच्या मिरवणुकींत त्यांची मोटार मात्र चालविण्यांत आली. पुढें १९८३ च्या फेब्रुवारींतील वणव्यांत येथली कमान जळली व ती पुन्हां उभारावी लागली. त्या वणव्यांनीं व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसांचा बळी घेतला. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नांवें पाणपोई घालीत, नदीला घाट बांधीत. ज्यानें त्या माणसाला कधीं पाहिलें नाहीं, त्याची तहान भागावी हाच त्यांत हेतु असे. या लोकांनीं आपल्या मृतांच्या नांवें रस्ता घातला. त्यावरून आम्ही परके लोक डावीकडची खिडकी धरून, फुकट, समुद्र पाहत चाललों होतों.

लॉर्नच्या पुढें रस्ता खरा कड्याला चिकटतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट पाणी, आणि मध्यें सापासारखीं वळणें. सौ.नीं आलेपाकाच्या वड्या काढल्या. त्यांचा उपयोग आम्हांपेक्षां शेजारच्या चिनी वधूस अधिक झाला. केनेट रिव्हर या वस्तीपाशीं निलगिरीच्या झाडांवर कोआला पाहिले. निलगिरीचा पाला खाऊन दिवसाचे अठरा-वीस तास झोंप काढणारा हा प्राणी फांदीच्या बेचक्यांत बसल्या बसल्या झोंपला होता, आणि खालीं चाळीस माणसें माना वर करून त्याच्या जागें होण्याची वाट पाहत होतीं. तो जागा झाला नाहीं.

अपोलो बे येथें जेवणासाठीं पन्नास मिनिटें मिळालीं. गांवांत मासळीचा व्यवहार मोठा. आमच्या पानांत वाढण्याजोगें तेथें फारसें नव्हतें. सौ.नीं दशम्या, दाण्याची चटणी आणि लिंबाचें लोणचें बरोबर घेतलें होतें. हिरवळीवरच्या बांकावर डबा उघडतांच त्यांचें लक्ष मागच्या बांकावरच्या त्या तरुणाकडे गेलें. तो समुद्राकडे तोंड करून बिस्किटें खात बसला होता. त्याला बोलाविलें. तो आंध्रांतला, शिकण्यास येऊन चार महिने झाले होते. खोलींतले सोबती सुट्टींत कोठें कोठें गेले, एकट्यास करमेना, म्हणून ही गाडी धरली, असें त्यानें इंग्रजींत सांगितलें. त्यानें तीन दशम्या खाल्ल्या आणि चौथी आग्रहावांचून घेतली. त्यानंतर दिवसभर सौ.ची पिशवी त्याच्याच खांद्यावर होती.

येथें आम्हांस एक गोष्ट प्रथम जाणवली, ती सांगतों. चाळीस माणसांची गाडी म्हणजे एक दिवसाचें एकत्र कुटुंब होय. कर्ता एक, वेळापत्रक एक, आणि कोणाच्याही मनासारखें पुरतें कांहीं होत नाहीं. जर्मन मुलांना समुद्रांत उतरावयाचें होतें, चिनी जोडप्यास छायाचित्रांना अधिक वेळ हवा होता, आयरिश बाईस कोठेंतरी चहा घेत बसावयाचें होतें, आणि आम्हांस या रस्त्याची बांधणी निवांत पाहावयाची होती. प्रत्येकानें आपल्या इच्छेंतला थोडा थोडा भाग सोडला, म्हणून सर्वांचा दिवस पुढें सरकला. स्वतःची मोटार भाड्यानें घेऊन जाणारास हवें तेथें थांबतां येतें, हें खरें. परंतु कड्यांवरच्या वळणांवर त्याचे डोळे रस्त्यावर असतात, समुद्र त्याच्या वांट्यास येत नाहीं. आम्ही वेळेचे धनी नव्हतों, पण दृष्टीचे होतों.

ऑटवेच्या अरण्यांत मेट्स रेस्ट नांवाची पायवाट आहे. तेथें अर्धा तास मिळाला. समुद्राचा आवाज एकाएकीं बंद झाला. माणसाहून उंच नेचे, शेवाळानें मढलेले बुंधे, आणि शेंकडों वर्षें जगलेले मर्टल बीच वृक्ष. भर उन्हाळ्याच्या दुपारीं तेथें संध्याकाळ होती. ज्याला दमा आहे किंवा ज्याचे गुडघे कुरकुरतात, त्यानेंही ही वाट चुकवूं नये. ती लहान आणि बहुतेक सपाट आहे.

मग पुन्हां समुद्र आला, आणि 'बारा प्रेषित' आले. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांचें नांव मिळालेले हे चुनखडीचे सुळके किनाऱ्यापासून सुटून पाण्यांत उभे आहेत. त्यांतले मोठे सुमारें ४५ मीटर उंच आहेत. पूर्वीं यांना 'डुकरीण आणि तिचीं पिल्लें' असें म्हणत. पुढें हें भक्तिपर नांव पडलें. नांव बारांचें असलें तरी सुळके कधींच बारा नव्हते, नऊ होते. त्यांतला एक ३ जुलै २००५ रोजीं कोसळला, आणि आतां आठ आहेत. लाखों वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं बसलेल्या शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा हा दगड मऊ आहे. लाटा कड्यांत गुहा पाडतात, गुहा आरपार गेली कीं कमान होते, कमान पडली कीं सुळका उरतो, आणि शेवटीं सुळकाही पडतो. पायथ्याची झीज वर्षाला सुमारें दोन सेंटिमीटर आहे. याच किनाऱ्यावर पोर्ट कॅम्बेलच्या पलीकडे 'लंडन ब्रिज' नांवाची कमान होती. १५ जानेवारी १९९० रोजीं तिचा जमिनीकडचा भाग एकाएकीं पडला, आणि पलीकडे गेलेलीं दोन माणसें तेथेंच अडकलीं. त्यांना हेलिकॉप्टरनें सोडवावें लागलें. म्हणजे येथें उभें राहून आपण जें पाहतों तें किनाऱ्याचें आजचें रूप. उद्यां येणाराचें दर्शन थोडें निराळें असेल.

पन्नास मिनिटांच्या या दर्शनास काय म्हणावें? आमच्या मनांतला टीकाकार एव्हांना बराच थंडावला होता. पंढरपुरास पदस्पर्शाच्या रांगेंत तासन्‌तास उभें राहण्याची ज्यांना शक्ति नसते, ते मुखदर्शन घेऊन परततात. तेंही न जमलें तर कळसाला हात जोडतात. त्यांना "तुमची वारी झाली नाहीं" असें कोणी म्हणत नाहीं. आमचें हें मुखदर्शन होतें. कठड्याशीं वारा इतका होता कीं उन्हाळ्यांतही लोकरीची बंडी घालावी लागली. सूर्य आमच्या पाठीशीं होता. तेथें तो उत्तरेकडून फिरतो, आणि पुढें दक्षिण दिशा मोकळी असते. सौ. बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "इथून पुढं काय?" आम्ही म्हणालों, "पुढं अंटार्क्टिका. मध्ये जमीन नाही." त्यांनीं शाल डोक्यावरून घेतली आणि कांहीं बोलल्या नाहींत.

शेवटचा मुक्काम लॉक आर्ड घळीचा. १८७८ च्या मार्चांत 'लॉक आर्ड' नांवाचें शिडाचें जहाज इंग्लंडहून मेलबर्नकडे निघालें. तीन महिन्यांचा प्रवास सरत आला होता. दुसऱ्या दिवशीं जमीन दिसणार म्हणून आदल्या रात्रीं उतारूंनीं आनंद केला होता. १ जूनच्या पहांटे धुक्यांत जहाज मटनबर्ड बेटाजवळच्या खडकावर आदळलें. जहाजावर ५४ माणसें होतीं, दोन वांचलीं. एक टॉम पिअर्स नांवाचा उमेदवार खलाशी, आणि दुसरी ईव्हा कारमायकेल. दोघेंही वीस वर्षांच्या आंतलीं. टॉम उलट्या झालेल्या होडीला धरून या घळींत वाहत आला, त्यानें पाण्यांतून ईव्हाची किंकाळी ऐकली, पुन्हां उडी घेतली, आणि तिला ओढून वाळूवर आणलें. तिला गुहेंत ठेवून तो कडा चढून गेला व जवळच्या मेंढवाड्यावरच्या लोकांना घेऊन आला. ईव्हा आपल्या सबंध कुटुंबासह नव्या देशांत बिऱ्हाड करावयास निघाली होती. आई, बाप, भावंडें, जहाजावर असलेलीं सारीं गेलीं. वर्तमानपत्रें वाचणाऱ्या लोकांना या दोघांचा विवाह हवा होता. ईव्हा थोड्याच महिन्यांत आयर्लंडला परत गेली. त्याच जहाजांतून प्रदर्शनासाठीं आणलेला चिनी मातीचा एक मोर मात्र खोक्यांत बसून जवळजवळ न फुटतां किनाऱ्यास लागला. तो आजही वॉर्नांबूल येथील संग्रहालयांत आहे.

आम्ही पायऱ्या उतरून त्या वाळूवर उभे राहिलों. दोन्ही बाजूंना उंच पिवळे कडे, आणि मधल्या अरुंद दारांतून आंत येणारी लाट. वर येऊन गाडीकडे वळणार, तों सौ. म्हणाल्या, "थडगी पाहून येऊ या." सांपडलेल्या थोड्या प्रेतांना जवळच वर माती दिली आहे, त्यांत ईव्हाची आई आहे. घड्याळ आमच्या लक्षांत होतें, तरी आम्ही गेलों. सौ. दगडावरचें नांव वाचून म्हणाल्या, "मुलगी परत गेली, आई इथं राहिली." एवढ्या एका वाक्यासाठीं आम्हांस नऊ मिनिटें उशीर झाला.

गाडीपाशीं आलों तेव्हां इतर एकोणचाळीस माणसें आपापल्या जागीं बसलेलीं होतीं. कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. सारथ्यानें माणसें मोजलीं व गाडी सुरू केली. आम्हीं उभें राहून सर्वांची क्षमा मागितली, आणि उशीर कां झाला तेंही सांगितलें. तेव्हां पुढच्या बांकावरची ती आयरिश वृद्धा मागें वळून म्हणाली, "ती मुलगी आमच्याकडची. मला तेवढं चालवलं नसतं. तुम्ही गेलात, बरं झालं." कोलॅकला चहासाठीं थांबलों तेव्हां आमचीं नऊ मिनिटें चहांतून कापलीं गेलीं. त्या बाईच्या चहासाठीं मग तो तरुण धांवत जाऊन रांगेंत उभा राहिला.

परतीच्या सरळ रस्त्यावर बाहेर मेंढ्यांचीं कुरणें आणि आंत पेंगणारीं माणसें. सारथ्यानें शेवटची एक गोष्ट सांगितली. घळीजवळच्या ज्या बेटाशीं तें जहाज फुटलें, तेथें शिअरवॉटर जातीचे पक्षी बिळें करून राहतात. बेटाचें नांवही त्यांच्यावरूनच पडलें आहे. दिवसभर ते समुद्रावर असतात, आणि अंधार पडल्यावर थव्यांनीं घरीं येतात. एप्रिलांत ते उत्तरेकडे निघतात, आणि हजारों किलोमीटर उडत थेट अलास्काच्या समुद्रापर्यंत जाऊन सप्टेंबरच्या अखेरीस त्याच बिळांशीं परततात. जातांना मोठे पक्षी पुढें निघून जातात; पिल्लें मागें राहतात, आणि दोन-तीन आठवड्यांनीं कोणी वाट न दाखवितां त्याच वाटेनें निघतात. "पण ते घरी येतात तेव्हा ही गाडी निघून गेलेली असते," सारथी म्हणाला. "ते पाहायचं तर रात्री तिथं राहावं लागतं." एका दिवसाच्या सहलीची मर्यादा इतक्या स्वच्छ शब्दांत तिच्या चालकानेंच सांगावी, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

रात्रीं पावणेनवाला गाडी शहरांत आली. मुलगा थांब्यावर उभा होता. तो आंध्रांतला तरुण सौ.च्या पायां पडून निघून गेला, तेव्हां मुलानें विचारलें, "कोण हा?" सौ.नीं सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आई, मी पहिल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत असाच गेलो होतो. खोलीवर कोणी नव्हतं. तिथं कठड्याशी उभा राहून तुम्हांला फोन केला होता. आठवतं?" सौ.ना आठवलें. त्या फोनांत वाऱ्याचा आवाज इतका होता कीं, "कुठं उभा आहेस, कानाला बांध कांहीतरी," एवढेंच त्या ओरडून म्हणाल्या होत्या. मुलगा म्हणाला, "तेव्हाच ठरवलं होतं, तुम्ही आलात की तिथं पाठवायचं."

घरीं येईपर्यंत सौ. त्याचा हात धरून बसल्या होत्या. 'पार्सल' हा शब्द पुन्हां निघाला नाहीं.

आतां वाचकांशीं दोन शब्द. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांना आमचें सांगणें असें कीं, मुलानें एकटें पाठविलें म्हणजे टाळलें, असा अर्थ घाईनें करूं नये. तेथें रजा मोजकी असते, आणि 'रजा नाहीं' हें वाक्य बहुधा खरें असतें. सहलीस जातांना उबदार वस्त्र, नेहमींचीं औषधें, कोरडें खाणें आणि मळमळीवर आलें जवळ असावें. उतरण्यापूर्वीं घड्याळ सारथ्याच्या घड्याळाशीं जुळवून घ्यावें. आणि जेथें जावयाचें तेथली हकीगत आदल्या रात्रीं वाचून ठेवावी, म्हणजे पन्नास मिनिटें पुरतात. ज्याला तेरा तास बसवणार नाहीं, त्यानें संकोच न करितां तसें सांगावें आणि मध्यें एक मुक्काम करून दोन दिवसांत तीच वाट चालावी.

आणि मुलांना व सुनांना सांगणें असें कीं, तिकिटाबरोबर कारणही द्यावें. आमच्या मुलानें रात्रीं नऊला जें सांगितलें, तें त्यानें आधींच जेवतांना सांगितलें असतें, तर त्याच्या आईची एक रात्र जड गेली नसती. म्हाताऱ्या माणसांना ठिकाण कोणतें, भाडें किती, गाडी किती आरामाची, याचें फारसें अगत्य नसतें. "मी येथें उभा राहिलों होतों, तुम्हींही राहावें असें मला वाटतें," हें एक वाक्य त्यांना पांचशें किलोमीटर घेऊन जातें.

ते पक्षी पाहावयाचे राहिले आहेत. पुढच्या खेपेस बंदराशीं एक रात्र राहावयाचें आणि चौघांनीं मिळून जावयाचें असें ठरलें आहे. मुलानें रजेचा अर्ज आतांच देऊन ठेवला आहे, असा सूनबाईंचा परवांच निरोप आला.